पाच पुलांपलीकडचा भात

साशंक : तंजावरला जाणे मला कळते. बृहदीश्वराचे देऊळ आहे, सरस्वती महाल ग्रंथालय आहे, देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेले भोसल्यांचे मराठी वंशचरित्र आहे. मराठी माणसाने तिथवर जायलाच हवे. पण तिथून आणखी तेरा किलोमीटर उत्तरेला तिरुवैयारुला जायचे, तीन दिवस मुक्काम ठोकायचा आणि लोक काय खातात, कुठल्या गल्लीत काय दडले आहे ते धुंडाळत हिंडायचे, हे मला पटत नाही. हल्ली जो तो असे एखादे गाव शोधत असतो. मलेशियाला गेलेली मंडळीसुद्धा क्वालालंपूरचे नाव न काढता इपोह, ताइपिंग अशा गावांबद्दल बोलत परततात. मोठी ठिकाणे सगळ्यांची पाहून झाली, म्हणून आता छोटी. या हौसेत गावाबद्दलची आस्था किती आणि ‘हे मला सापडले’ असे म्हणण्याचे समाधान किती, याचा हिशेब तुम्ही कधी मांडला आहे का?

फिरस्ता : मांडला आहे, आणि समाधानाचा वाटा मोठा निघतो हेही कबूल करतो. पण त्या समाधानापोटी का होईना, माणूस गावात पोचतो, आणि एकदा पोचला की जे दिसते ते त्याच्या समाधानाला पुरून उरते. तंजावरहून निघणाऱ्या बसचेच घ्या. तेरा किलोमीटरांत ती पाच पूल ओलांडते. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. गावाच्या नावाचा अर्थच पवित्र पाच नद्या. नकाशावर या पाच बारीक निळ्या रेषा आहेत. बसच्या खिडकीतून कळते की थोडे पुढे गेले की पाणी, आणखी थोडे गेले की पुन्हा पाणी, आणि दोन पाण्यांच्या मधला प्रत्येक तुकडा भाताचा. चोळांना, नायकांना, मग व्यंकोजीराजांना हीच भूमी का हवी होती, हे बृहदीश्वराच्या शिखराकडे मान वर करून पाहताना मला उमगले नव्हते. ते त्या पुलांवर उमगले. ते शिखर या भातावर उभे आहे.

साशंक : भातशेती पाहायला बसमधून उतरावे लागत नाही. उतरून काय पाहिलेत?

फिरस्ता : सात गावांची सोयरीक पाहिली. तिरुवैयारुचा देव ऐयारप्पर. त्याने नंदीला मुलासारखे मानले आणि त्याचे लग्न लावून दिले, अशी तिथली कथा आहे. लग्नघर म्हटले की एकट्याच्याने निभावत नाही. शेजारच्या गावांनी भार उचलला. तिरुप्पळनमहून फळे आली, तिरुच्चोट्रुतुरैहून अन्न, तिरुवेदिकुडीहून वेदपाठी ब्राह्मण, कंडियूरहून दागिने, तिरुप्पूंतुरुत्तीहून फुले आणि तिल्लैस्थानमहून होमाचे तूप. त्या उपकाराची जाण म्हणून दरवर्षी चित्रै महिन्यात, म्हणजे आपल्या चैत्र-वैशाखाच्या सुमारास, ऐयारप्परची पालखी या सहाही गावांना भेटून येते. याला सप्तस्थानाचा उत्सव म्हणतात. मी पालखीच्या दिवसांत गेलो नव्हतो, पण काही पायी, काही रिक्षाने ती सहा गावे फिरलो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. तमिळमध्ये ‘चोरु’ म्हणजे शिजलेला भात. तिरुच्चोट्रुतुरै म्हणजे भाताचा घाट. तिथल्या देवाचे संस्कृत नाव ओदनवनेश्वर आणि देवी अन्नपूर्णा. ‘नेय्’ म्हणजे तूप. तिल्लैस्थानमचा देव नेय्याडियप्पर. तिरुप्पूंतुरुत्तीचा पुष्पवननाथ. म्हणजे या मुलखात एका गावाची दुसऱ्या गावाला ओळख आहे ती त्याने पंक्तीला काय पाठवले यावरून. हे तंजावरच्या मोठ्या देवळात उभे राहून कोणी सांगितले असते तर मी ऐकून सोडून दिले असते. दुपारच्या उन्हात एका गावातून दुसऱ्यात जाताना ते अंगाला लागले.

साशंक : कथा सुंदर आहे, आणि तुम्ही ती मनापासून सांगता. पण तुमचा दावा तिथल्या खाण्याचा होता. आता त्या गावात पानात काय पडले ते सांगा. इडली, पोंगल, केळीच्या पानावरचे जेवण, डबरा-टंबलरमधली कॉफी. हेच कुंभकोणमला मिळते, हेच चेन्नईला, आणि आता दादर-माटुंग्यालाही. ‘स्थानिक’ म्हणून तिथे एक अशोका हलवा आहे. ज्या गावाची सगळी ओळख एका मिठाईवर येते, त्या गावाचे खाणे तुम्ही शोधलेत की दुकानाच्या पाटीने तुम्हाला शोधले?

फिरस्ता : अशोका कमी लेखू नका. मुगाची डाळ शिजवून, घोटून, कणकेबरोबर साखर-तुपात परतत बसायची, ती कढईची कड सोडेपर्यंत. मऊ, गरम, केशरी, तूप सुटलेला तो गोळा तोंडात घातला की डाळीची चव आधी लागते आणि साखर मागून येते. आपल्या मुगाच्या शिऱ्याचा तो जवळचा नातलग, पण दाणेदार नाही, ओघळणारा. तंजावरकडच्या लग्नांत तो वाढतात. तरी तुमचा मुद्दा मला मान्य आहे. त्या प्रदेशाचे खरे खाणे हॉटेलच्या फळ्यावर नसते. पिटलै, रसवांगी, डांगर पच्चडी हे पदार्थ घरात होतात. आणि ही नावे उच्चारून पाहा. रसवांगी म्हणजे रसातली वांगी; तमिळमध्ये वांग्याला ‘कत्तरिक्काय्’ म्हणतात, पण या पदार्थापुरते ते वांगीच राहिले. डांगर म्हणजे आपले उडदाचे डांगर. तिथेही उडदाचे पीठ दह्यातच कालवतात. पिटलै हे नाव पिठल्यावरून आले असे मानतात. आपल्या यात्रा-सहली बरोबर स्वयंपाकी घेऊन रामेश्वरला जातात आणि तिथे आपल्याला पिठले-भात वाढतात. ज्या मुलखात पिठल्याने तीनशे वर्षांत वेगळा जन्म घेतला, त्या मुलखातून आपण नागपूर-पुण्याचे पिठले खाऊन परततो. याचे मला खरेच वाईट वाटते.

साशंक : इथेच मला जास्त भीती वाटते. मराठी माणूस तंजावरच्या पानावर बसला की चव घेण्याआधी मालकी सांगतो. हे आमचे, तेही आमचेच. सांबाराची गोष्ट तर आता प्रत्येकाला पाठ आहे. शाहजीराजांच्या मुदपाकखान्यात आमसुले संपली, चिंच घातली, संभाजीराजांच्या नावावरून सांबार झाले. दंतकथा म्हणून ती गोड आहे, इतिहास म्हणून तिला पाया नाही. ‘कोसुमल्ली’ कोशिंबिरीवरून आली म्हणतात, तर कन्नडात कोसंबरी आहे. मधल्या वाटेत कर्नाटक लागते हे विसरून कसे चालेल? आणि पिटलैचे म्हणाल, तर त्यात चिंचेचा कोळ आहे, तुरीची डाळ आहे, कारले किंवा वांगे आहे, भाजून वाटलेले खोबरे-धणे आहेत. पिठल्यातले पीठच त्यात उरलेले नाही. पदार्थ तिथल्या बायकांनी तिथल्या चुलीवर घडवला. आपण फक्त नाव मागे सोडले. परक्या गावात आपले प्रतिबिंब शोधायला जाणारा माणूस ते गाव पाहतच नाही.

फिरस्ता : मालकीबद्दल तुमचे बोलणे मी मानतो, आणि यापुढे सांबाराची गोष्ट सांगणार नाही. पण नाते आणि मालकी यांत अंतर आहे. सरस्वती महालात ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ नावाचा मराठी ग्रंथ आहे, सरफोजीराजांच्या दरबाराच्या स्वयंपाकाचा. त्यावरून एवढे कळते की तमिळ मुलखातला राजा आपल्या मुदपाकखान्याबद्दल मराठीत लिहून ठेवत होता. त्याच काळात तेरा किलोमीटरांवर तिरुवैयारुत संतकवी त्यागराज तेलुगूत रचना करत होते, आणि देवळात हजार वर्षांपूर्वीच्या शैव संतांची, नायनारांची, तमिळ पदे म्हटली जात होती. तीन भाषा एकमेकींच्या ओसरीवर नांदत होत्या. पिठल्यातले पीठ गेले आणि नाव राहिले, यात मला आपला विजय दिसत नाही. गेलेला माणूस तिथलाच कसा होऊन जातो, ते दिसते. पुण्यात बसून मला हे कधी दिसले नसते, कारण पुण्यात पिठले पिठलेच राहिले.

साशंक : बरे, नात्यावर येऊ. घरात होणारे पदार्थ तुम्हाला कोणी वाढले? तुम्ही त्या गावात कोणाचे कोण लागता?

फिरस्ता : कोणाचाच कोणी नाही. पण एक प्रसंग सांगतो. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या अगदी सुरुवातीला, कावेरीच्या काठचे लोक आडीप्पेरुक्कु साजरा करतात. तिरुवैयारुला पुष्य मंडपाच्या घाटावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. नदीला दिवस गेले आहेत असे मानून बायका तिला ताडपत्राची कर्णभूषणे, काळ्या बांगड्या, हळदीचा दोरा, फुले वाहतात. नवविवाहिता गळ्यातला दोरा बदलतात. आणि घरून आणलेले भात तिथेच बसून खातात. चिंचेचा, लिंबाचा, नारळाचा, दह्याचा. मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. ते नदीचे डोहाळजेवण होते. मी पायरीवर एकटा बसलो होतो. शेजारच्या कुटुंबातल्या एका आजींनी काही न विचारता पानाच्या तुकड्यावर चिंचेचा भात माझ्यापुढे ठेवला. तिळाच्या तेलाचा वास, भाजलेले दाणे, गूळ घातलाय की नाही असा संशय यावा इतका गूळ. पुन्हा वाढायला लागल्या तेव्हा मी ‘पोदुम्’ म्हणालो, पुरे. तमिळमधला तेवढा एक शब्द मला वेळेवर आठवला.

साशंक : आणि मग तुम्ही पैसे देऊ केलेत?

फिरस्ता : हो. हात खिशाकडे गेला. आजींनी मान फिरवली. ती चूक अजून सलते.

साशंक : ती चूक तुमच्या एकट्याची नाही, म्हणूनच मी ती विचारली. परक्या गावात परक्या माणसाला अन्न मिळण्याच्या वाटा पूर्वी काय होत्या ते पाहा. एक वाट त्यागराजांची. ते उंछवृत्तीने राहिले. दारोदार भजन म्हणत जायचे आणि पात्रात पडेल त्या तांदळावर घर चालवायचे, आपल्याकडच्या माधुकरीसारखे. आजही पौष वद्य पंचमीला, त्यांच्या पुण्यतिथीला, आराधनेचा दिवस त्या उंछवृत्ती भजनाने सुरू होतो. दुसरी वाट छत्राची. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या भोसल्यांनी छत्रे बांधली. ओरत्तनाडला मुक्तांबाळेच्या नावाचे सरफोजींनी बांधलेले छत्र अजून उभे आहे. वाटसरू आला की त्याला भात मिळे, आजारी पडला तर औषध मिळे. पहिल्या वाटेने जाणारा गाणे देत होता. दुसऱ्या वाटेने जाणारा यात्रेकरू होता, त्याचे पुण्य यजमानालाही मिळेल अशी श्रद्धा होती. दोघांच्याही येण्याला गावाच्या मनात काही अर्थ होता. आपण तिसऱ्या वाटेने जातो, खिशातून. चव गोळा करायला आलेल्या माणसाच्या येण्याला त्या आजींच्या लेखी काय अर्थ आहे? त्यांनी तुम्हाला यात्रेकरू समजून वाढले. तुम्ही गिऱ्हाईक निघालात.

फिरस्ता : हे लागले. पण जुन्या वाटा तुम्ही फार उजळून सांगता आहात. छत्रात भात सगळ्यांना मिळत असेल, पंगत एक नव्हती. कोण कुठे बसणार हे पान वाढण्याआधी ठरलेले असे. ज्याला त्या घाटावर, त्या गल्लीत पाऊलही टाकू देत नसत, त्याला गावाची पाहुणचाराची रीत काय कामाची? दुकानदार पैसे मोजून घेतो, तो जात विचारत नाही, ही लहान गोष्ट नाही. तीही आपोआप झाली नाही. विसाव्या शतकातही तमिळ मुलखातल्या कित्येक खाणावळींत ब्राह्मणांची बसायची जागा वेगळी असे. ती मोडायला माणसांना आंदोलने करावी लागली. त्यागराजांच्या समाधीचेच पाहा. १८४७ साली ते गेले. पुढे समाधीची पडझड झाली, ती आज आपण पाहतो तशी उभी केली ती १९२० च्या दशकात बंगळूर नागरत्नम्मांनी, स्वतःची पुंजी घालून. त्या देवदासी होत्या, आणि त्यांनी बांधलेल्या त्या जागी आराधनेत बायकांनी गायला पुरुष गवयांची हरकत होती. त्यांनी बायकांचा वेगळा उत्सव उभा केला, झगडून जागा मिळवली. आज त्यागराजांच्या पंचरत्न कृती म्हणायला स्त्री-पुरुष एकत्र बसतात. तेव्हा गावाच्या मनात ज्याच्या येण्याला अर्थ आहे त्यानेच यावे, असा नियम केला तर नागरत्नम्मा बाहेरच राहिल्या असत्या. पैसे देऊन हक्काने कॉफी पिणाऱ्या परक्याचा मी अपमान होऊ देणार नाही.

साशंक : नागरत्नम्मांचे उदाहरण तुम्ही फार नेमके काढलेत, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण त्या चव घ्यायला आल्या नव्हत्या. त्या आल्या आणि त्यांनी आयुष्य तिथे ठेवले. त्यांची समाधीही त्यागराजांच्या समाधीजवळच आहे. आपण तीन दिवस ठेवतो. आणि आपल्यासारखे तीन दिवसवाले हजारांनी आले की काय होते तेही बघा. पेनांगच्या जॉर्ज टाउनला २००८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. जुन्या चाळवजा घरांची हॉटेले आणि कॉफीची दुकाने झाली, भाडी चढली, पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे बाहेर पडली. भिंतीवरची चित्रे पाहायला रांगा आहेत. त्या भिंतीमागे आता कोण राहते ते विचारू नका. इतक्या लांब कशाला, आपल्या कोकणाच्या रस्त्यावर प्रत्येक फाट्याला मालवणी थाळी आहे, आणि दहातल्या आठ ठिकाणी मसाला एकाच पुडीतला. मालवणातल्या घरांत प्रत्येक आळीचा मसाला वेगळा असे. आपण ‘मालवणी’ मागत गेलो आणि ती मागणी पुरी करायला तो एक झाला. उद्या तिरुवैयारुत ‘मराठा रसवांगी’ अशी पाटी लागली तर ती तुमच्या-माझ्यासारख्यांनी लावलेली असेल.

फिरस्ता : जॉर्ज टाउनपासून थोड्या अंतरावर इपोह आहे, त्याचेही नाव घ्या. कथिलावर वाढलेले शहर. १९८५ साली कथिलाचा भाव कोसळला, खाणी बंद पडल्या, तरुण मुले क्वालालंपूरला गेली, जुन्या पेठेतली दुकाने ओस पडली. तिथली पांढरी कॉफी आणि मोडाच्या कोंबांबरोबरची कोंबडी खायला लोक येऊ लागले तेव्हा त्या पेठेत पुन्हा दिवे लागले. न जाण्याचीही किंमत असते, ती कोणी मोजत नाही एवढेच. तिरुवैयारुलाही ती दिसते. मुले चेन्नईला, बंगळुरूला, अमेरिकेला जातात. पूर्वीच्या पिढीत याच किनाऱ्यावरचे मजूर नागपट्टिणमहून ‘राजुला’ बोटीने पेनांगला जात. मलेशियात केळीच्या पानावर आज जो भात वाढतात, तो त्या लोकांबरोबर गेलेला. त्यागराजांचे जुने घर आता नाही, त्या जागी नवे बांधले आहे. ते पाडले गेले ते पर्यटकांच्या गर्दीने नाही. वर्षातले तीनशे साठ दिवस कोणाचे लक्ष नव्हते, त्या दुर्लक्षाने. पेठ ओस पडली की आळीचा मसालाही जातो. तो पुडीने जातो तसाच कुलपानेही जातो.

साशंक : म्हणजे जावे तरी बिघडते, न जावे तरी बिघडते. मग प्रश्न जावे की नाही हा नाहीच. कोणाच्या वेळापत्रकाने जावे हा आहे. तुम्ही सांगितलेले सगळे पुन्हा पाहा. सात गावांचे नाते चैत्र-वैशाखात पालखी निघते तेव्हा जिवंत होते. नदीचे डोहाळजेवण आडीच्या अठराव्या दिवशी. उंछवृत्तीचे भजन पौष वद्य पंचमीला. तिथले खाणे आणि तिथले पाहण्यासारखे, दोन्ही जागेवर नाही, दिवसावर आहे. आपल्या शनिवार-रविवारला जोडून सुट्टी मिळाली म्हणून जो जाईल त्याला मिठाईचे दुकान मिळेल आणि बंद गाभारा मिळेल. आणि जो त्या दिवशी जाईल त्याच्याबरोबर हजारो असतील, त्यांत आपण चव पाहायला आलेले कोण आणि देवासाठी आलेले कोण, हे आपल्याला स्वतःलाही सांगता येणार नाही.

फिरस्ता : दिवसाबद्दल तुम्ही बरोबर आहात, आणि मी हे इतके स्पष्ट पाहिले नव्हते. तरी गर्दी नसलेल्या दिवसालाही मी मोडीत काढणार नाही. ऐयारप्परच्या आवारात उत्तर कैलास नावाचे देऊळ आहे, राजराज चोळाच्या राणीने, लोकमहादेवीने बांधलेले. नवऱ्याचे देऊळ, बृहदीश्वर, साऱ्या जगाला ठाऊक आहे, तिथे रांग आहे. तिच्या देवळात एका दुपारी मी तासभर बसलो आणि एकही माणूस आला नाही. तिथे मला काही खायला मिळाले नाही, कोणाशी बोलणे झाले नाही, सांगण्यासारखे काही हाती लागले नाही. तरी तीन दिवसांतला तो तास मी सर्वांत वर ठेवतो. पण आजींपुढे रिकाम्या हाताने बसलो होतो, त्याचे काय करावे हे मला अजून कळलेले नाही. पुढच्या वेळी काय घेऊन जाऊ? तंजावरच्या भजनांत तुकोबांचे अभंग म्हणतात, आपल्याकडचे कीर्तन तिथे गेले आणि त्यांचे झाले, हे ठाऊक आहे. एक अभंग नीट पाठ करून जावे असे मनात येते. आणि लगेच वाटते की तोही पैशासारखाच पुढे केल्यासारखा होईल.

साशंक : पाठ करा. पुढे करायचा की नाही ते घाटावर ठरेल. कधी निघता?

फिरस्ता : पालखीला जायचे तर चैत्र-वैशाखात. आडीप्पेरुक्कुला जायचे तर ऑगस्टमध्ये. दोन्ही एका खेपेत होत नाही.

साशंक : पालखीला गेलात तर नदी मिळणार नाही, हे लक्षात ठेवा. मेट्टूर धरणाचे पाणी जानेवारीअखेर बंद करतात आणि १२ जूनला सोडण्याचा प्रघात आहे. वैशाखात त्या पाचही पुलांखाली बहुतेक वाळू असते.